कवितेतल्या ‘मी’चा पत्ता विचारत

केंदूरला मी गेले होते अध्यक्ष म्हणून. निमोण्याला गेले ती जाब विचारायला. दोन्ही गावं शिरूर तालुक्यातलीच, पण मधल्या पाच महिन्यांत माझी अध्यक्षपदाची ऐट पार उतरली होती.

आधी केंदूरचं सांगते. मी चिपळूणची. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले. दोन कवितासंग्रह नावावर आहेत, म्हणून अधूनमधून कुणी ना कुणी संमेलनाला बोलावतं. श्रावण संपता संपता केंदूरच्या शाळेत असंच एक छोटं कविसंमेलन होतं. वीस-बावीस कवी, समोर शंभरेक माणसं, त्यातली निम्मी कवींच्या घरची. तिथं दत्ता नावाच्या चाळिशीतल्या माणसानं एक कविता वाचली. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड तसंच राहिलेलं. प्रास्ताविक नाही, हातवारे नाहीत. कागद काढला, वाचला आणि जागेवर जाऊन बसला.

वाढत्या अंगाचा शिवला होता स्कर्ट,
खाली दोन दुमडी घालून.
पुढची दोन वर्षं
मी शिवून ठेवली होती
तिच्या गुडघ्याखाली.
आता दुमड उसवायला
माझ्याकडं ब्लेड आहे, उजेड आहे,
सगळी दुपार आहे.
उंची नाही.

समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला. भाषणात म्हणाले, कविता अशी जगून लिहावी लागते. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन मी एका दिवाळी अंकासाठी त्या कवितेवर लेख लिहिला. ‘लेक गमावलेल्या या कामगार बापानं’ अशी त्याची सुरुवात होती. बापाच्या काळजाबद्दल पुढं दीड पान होतं. शिवाय दत्ताच्या पहिल्या पुस्तकाला प्रस्तावना द्यायचंही कबूल करून बसले.

दिवाळी झाल्यावर शिरूरहून शेख गुरुजींचा फोन आला. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, केंदूरचं संमेलन त्यांनीच भरवलं होतं.

“बाई, लेख वाचला. फार छान उतरलाय,” ते म्हणाले. “पण दत्ताला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत. दोघंही ठणठणीत.”

जानेवारीच्या शेवटी मी शिरूरला निघाले.

शिरूर, शुक्रवार

एसटीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कोरेगाव भीमाला गाडी पाऊण तास जागच्या जागी उभी होती, एवढंच. दोन्ही बाजूंना ट्रक, टपऱ्या आणि कंपन्यांच्या बसेस. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी तेवढ्यात मला त्यांच्या तिन्ही सुनांचे स्वभाव सांगितले.

आम्हा कोकणातल्या माणसांना या मुलखात पहिल्यांदा जाणवतं ते आभाळ. आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून दिसतं. इथं ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. घरातून माणूस निघाला की फर्लांगभर लांब जाईपर्यंत दिसत राहतो. इथल्या माणसाला काही लपवायचं असेल तर तो कुठं लपवत असेल, असं सहज मनात आलं.

गुरुजींचं घर जुन्या शिरुरात, नदीकडच्या आळीत. चार पिढ्या इथंच. म्हातारी माणसं अजून शिरूरला घोडनदी म्हणतात, गुरुजीही म्हणतात. जेवायच्या वेळी आतून त्यांच्या पत्नीनं विचारलं, “बाईंना मासवडी चालेल ना?” मी खूश झाले. म्हटलं, चालेल काय, धावेल, कोकणातली आहे मी. ताटात आल्या त्या बेसनाच्या वड्या, आत तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण, बाजूला झणझणीत रस्सा. मी रश्श्यात माशाचा तुकडा शोधतेय हे गुरुजींच्या लक्षात आलं.

“त्यात मासा नसतो, बाई,” ते म्हणाले. “वडीचा आकार माशासारखा, म्हणून मासवडी. तुम्ही शाकाहारी असाल म्हणून हिनं मुद्दाम केली.”

“नावावर जाऊन फसले,” मी म्हटलं.

“आमच्या दत्ताच्या बाबतीत तरी दुसरं काय झालं?” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

केंदूरला कुणीतरी दत्ताचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत रांजणगावला त्याच्या कंपनीत गेला. सुपरवायझरनं सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. माणसं येऊन दत्ताच्या खांद्यावर हात ठेवून गेली. बिहारचा एक पोरगा तर रडला, त्याची लहान बहीण गेली होती. दत्ता काही बोलला नाही. आठवड्यानं दुसऱ्या शिफ्टमधला निमोण्याचाच एकजण म्हणाला, “कुठली पोरगी? ह्याला दोन पोरं हायेत.” तेव्हापासून कंपनीत त्याला ‘खोटा कवी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात.

“मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं,” गुरुजी म्हणाले, “की कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी. उत्तरपत्रिकेत तसं लिहिलं की पूर्ण मार्क दिले. आता माझेच विद्यार्थी मला विचारतात, गुरुजी, मग दत्ता खोटं का बोलला? काय सांगू? कवीनं कवितेत स्वतःला किती घालावं, हे अभ्यासक्रमात नव्हतंच.”

“पण मुलगी कुणाची?” मी विचारलं.

“मी विचारलं नाही. मी जवळचा पडलो. तुम्ही बाहेरच्या. तुम्ही विचारा.”

निमोणे, शनिवार

सकाळी दत्ता मोटरसायकल घेऊन आला. मला पाहून त्यानं खाली वाकून नमस्कार केला, पण नजर वर उचलली नाही. गाडीवर मागं बसायची सवय सुटून मला वीस वर्षं झाली होती. निमोण्याच्या अलीकडं एका खड्ड्यात मी पाय खाली टेकला आणि चपलेचा अंगठा तुटला. त्याच्या शेतात मी शिरले ती अशी, एक चप्पल पायात आणि एक हातात.

शेतात हुरड्याचा बेत होता. दत्ताची बायको मंगल आगटीशी बसली होती. आगटी म्हणजे जमिनीत खणलेला लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. ज्वारीची कोवळी कणसं त्यात भाजायची आणि तळहातावर चोळून दाणे वेगळे करायचे. मी पहिलंच कणीस चोळलं आणि हात झटकला. मंगल हसली. तिनं माझ्या वाटणीचं चोळायला घेतलं, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आपली चप्पल काढून तिनं माझ्या पायाशी सरकवली. नको म्हणायची सोय ठेवली नाही.

आमच्याकडे पाहुण्याला आधी ख्यालीखुशाली विचारतात आणि मुद्द्याला संध्याकाळपर्यंत हात घालत नाहीत. मंगलनं पहिल्या मुठीबरोबरच सुरुवात केली.

“मॅडम, तुमच्या त्या पुस्तकात छापून आल्यावर गावातल्या बायका मला विचारायला लागल्या, मंगल, तुला लेक कवा झाली गं? म्हनलं, यांनाच इचारा. मला तर पोटात असल्याचं बी आठवत न्हाई.”

दत्ता कणसं निवडत होता. मी त्याला सरळ विचारलं, “कुणाची मुलगी, दत्ता?”

“बहिनीची,” तो म्हणाला. “नंदाची. दौंडला दिलीय. दाजी रेल्वेत हायेत.”

मग त्यानं सांगितलं. भाची दुसरीत होती. कशानं गेली तेही सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. नंदा शिवणकाम करते, आसपासच्या शाळांचे गणवेश शिवते. लेकीचाही तिनंच शिवला होता, दोन दुमडी घालून, म्हणजे तिसरी-चौथीपर्यंत पुरावा. मुलगी गेल्यानंतर दत्ता तिला भेटायला गेला, तेव्हा ती मशीनवर तो स्कर्ट समोर घेऊन नुसती बसली होती. वर्षभरानं त्याच्याकडून कविता झाली.

“तिला दाखवली?”

“न्हाई. फकस्त म्हनलं, नंदे, मी असं असं लिहिलंय. तर म्हनली, दादा, माझं नाव कुठं येऊ दिऊ नको. म्हनलं, न्हाई येऊ देत. न्हाई येऊ दिलं. घर घातलं न्हाई, दौंड घातलं न्हाई, रेल्वे घातली न्हाई. समदं काढलं. मग मागं राहिलो मीच.”

“लोक सांत्वनाला आले तेव्हा सांगायचंस की, माझी नाही म्हणून.”

“माझी न्हाई म्हनलं की पुढचा प्रश्न, मंग कुनाची? ती तर दौंडात तोंड लपवून बसलेली.” त्यानं एक कणीस विस्तवात सरकवलं. “तवा बोलायला पायजे हुतं मॅडम. न्हाई बोललो. आन् खरं सांगू का, बरं वाटलं. कंपनीत मला कोन इचारतंय? क्वालिटीला हाय मी. दिवसभर गेज लावून बघायचं, मापात बसलं तर ओके, न्हाई बसलं तर रिजेक्ट. त्या आठवड्यात समदी मला दत्ताभाऊ म्हनायला लागली.”

मंगलनं त्याच्याकडं पाहिलं. ही गोष्ट तिलाही नवी असावी.

“आणि नंदानं कविता ऐकली?”

“मोबाईलवर ऐकली. त्यानंतर फोन उचलत न्हाई. भाऊबिजेला आली न्हाई. मी गेलो तर दाजी दारातच म्हनले, झोपलीय. दिवसाचे अकरा वाजले हुते.”

मी जाब विचारायला आले होते. त्यासाठी कितीतरी वाक्यं ठरवून आणली होती, ‘वाचकाचा विश्वास’ वगैरे. ती बाजूला ठेवून मी त्याच्याकडं कवितेचा कागद मागितला, कारण माझ्याकडं होती ती मोबाईलवरून उतरवून घेतलेली. कागद वाचला. पुन्हा वाचला. मग उन्हात धरून तिसऱ्यांदा वाचला.

“यात ‘बाप’ हा शब्द कुठाय?”

“न्हाईच,” दत्ता म्हणाला. “मी कुठं घातलाय?”

खरंच नव्हता. ‘मी शिवून ठेवली होती.’ मराठीत हे वाक्य पुरुष म्हणतो तेव्हा तसंच असतं, बाई म्हणते तेव्हाही तसंच असतं. ‘मी शिवला’, ‘मी उसवली’, क्रियापद कर्माच्या मागं जातं. करणारा कोण, बाई की बाप्या, ते कळतच नाही. बत्तीस वर्षं मी हे व्याकरण शिकवलं आणि केंदूरच्या मांडवात समोर मिशीवाला माणूस उभा दिसला म्हणून बाप गृहीत धरला. बाप कवितेत नव्हता. तो मी माझ्या लेखात घातला होता आणि वर सही केली होती.

मी हे बोलून दाखवलं. दत्ता कसनुसा हसला. मंगल मात्र हसली नाही.

“ते गिरामर तुमचं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “उद्या रविवार हाय, सुट्टी हाय. मॅडम, तुम्ही दौंडला चला यांच्यासंगं. बाईमाणूस संगं दिसलं तर वन्सं दार तरी उघडतील.”

दौंडच्या वाटेवर, रविवार

शेजाऱ्याची गाडी मागून घेतली होती. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकीच्या मागं एक, वर कडब्यासारखा बांधलेला ऊस आणि त्याच्यावर मोठ्या आवाजात गाणी. ओलांडायला गेलं की ट्रॉली नेमकी मधे येते. दत्ताला घाई नव्हती, मला तर नव्हतीच. दोन्हीकडं कांद्याची शेतं, पात कापलेल्या ठिकाणी उग्र वास. एका ठिकाणी उसाचा रस प्यायलो. गुऱ्हाळवाल्यानं आलं जास्त घातलं म्हणून दत्तानं त्याच्याशी थोडं भांडण केलं. घरून निघाल्यापासून तो पहिल्यांदा मोकळा बोलत होता, तेही भांडताना.

पुन्हा गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, “मॅडम, तुम्ही कवा कुनाला घातलंय का कवितेत?”

हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता. मुलाखती झाल्या, त्यांतही नाही. मी त्याला सासूबाईंची गोष्ट सांगितली. माझ्या पहिल्या संग्रहात एका म्हातारीवर कविता आहे. ती देवघराच्या मागं साखरेची डबी लपवते आणि घरात कुणी नसलं की बोटानं चाटते. मी ‘ती’ असं लिहिलं होतं. सासू म्हटलं नव्हतं, नाव नव्हतं. प्रकाशनाला सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी ती कविता वाचली, लोक छान हसले, सासूबाईही हसल्या. घरी आल्यावर त्यांनी देवघरामागची डबी आणून माझ्यापुढं ओट्यावर ठेवली. त्यानंतर सहा वर्षं जगल्या, आणि ती सहाही वर्षं त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला.

दत्तानं पुढची एक ट्रॉली ओलांडली. मग म्हणाला, “मंग ती कविता तुम्ही काढून टाकली?”

“दुसऱ्या आवृत्तीतही आहे,” मी म्हटलं. “चांगली कविता आहे ती.”

हे म्हणताना मला बरं वाटलं नाही. पण ते खोटंही नव्हतं.

भीमेचा पूल आला. नदीत पाणी बऱ्यापैकी होतं, काठानं बगळे. पूल ओलांडला की दौंड.

दौंड

दौंड हे शिरूरहून वेगळंच गाव. शिरुरात सगळे एकमेकांना आडनावानं ओळखतात. दौंडात, दत्ता म्हणाला, माणसाला विचारतात, कुठल्या खात्यात? रेल्वेनं कुठून कुठून आणून ठेवलेली माणसं. बाजारात मराठी, हिंदी, तेलुगू एकाच दुकानात ऐकू येते. गाड्यांच्या भोंग्यांची इतकी सवय, की भोंगा वाजला तर माणसं बोलणं थांबवतात आणि तो गेला की अर्ध्या वाक्यापासून पुढं बोलतात.

नंदाचं घर रुळांपासून जवळ. दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन. दार उघडंच होतं. दाजी ड्युटीवर गेले होते. तिनं मला पाहिलं, माझ्यामागं दत्ताला पाहिलं.

“या,” ती म्हणाली. मला म्हणाली.

पाणी दोन भांड्यांत आलं. एक माझ्या हातात दिलं. दुसरं कुणाकडं न बघता मशीनच्या फळीवर ठेवलं. दत्ता ते उचलून प्यायला. मी माझी ओळख सांगायला लागले, तर तिनं हातानं थांबवलं.

“तुम्हीच ना त्या लेखवाल्या? शेजारच्या सरांनी वाचून दावला. बापाचं काळीज म्हनून लिहिलंय.”

“हो.”

“मंग आईचं कुठं गेलं?”

मी म्हटलं, “चुकलं माझं.”

दत्ता पुढं झाला. “नंदे, तूच म्हनली हुतीस ना, माझं नाव येऊ दिऊ नको.”

“नाव नको म्हनले हुते!” ती एकदम ताडकन बोलली. “मीच नको, असं कवा म्हनले? तू तिथं उभा ऱ्हाऊन म्हनतूस, मी शिवून ठेवली हुती. तू शिवली? तुला सुईत दोरा ववता येतो का, दादा?”

बाहेरून मालगाडी जात होती. ती लांबलचक होती. ती जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. गाडी गेली तेव्हा नंदाचा आवाज खाली आला होता, पण बोलणं अर्ध्यावरूनच सुरू झालं.

“तुझ्या कंपनीत मानसं दोन मिन्टं उभी ऱ्हायली. तुझ्या खांद्यावर हात ठिवले. माझ्याकडं दोन वर्षांत कोन आलं? येतात ती ब्लाऊजचं माप द्यायला येतात. एकीनं बी तिचं नाव काढलं न्हाई. समद्या म्हनतात, दुसऱ्या लेकराचा इचार कर. माझी लेक गेली आन् समाचाराला लोक तुझ्याकडं आले.”

दत्ता खाली बसला. भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून. चाळिशीचा माणूस बहिणीच्या घरात असा बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. तो म्हणाला, “मला बरं वाटलं गं तवा. तीच चूक झाली.”

तिनं मशीनवरची कात्री उचलून बाजूला ठेवली.

मी पर्समधून तो कागद काढला. म्हटलं, “नंदाताई, तुम्ही ही मोबाईलवर ऐकलीत, याच्या आवाजात. मी एकदा वाचू का? याच्या हातचाच कागद आहे. मी एक अक्षर बदलणार नाही.”

तिनं मान हलवली नाही, पण नकोही म्हणाली नाही. मी वाचली. वर्गात वाचायचे तशी नाही, साधी, बातमी वाचावी तशी. ‘पुढची दोन वर्षं मी शिवून ठेवली होती तिच्या गुडघ्याखाली.’ माझ्या साठीतल्या घोगऱ्या आवाजात ते वाक्य बाईचं झालं. खोलीत मशीन होतं, कात्री होती, बाईच होती. बाप कुठं नव्हता. मला स्वतःलाही ती कविता तेव्हाच नीट कळली.

नंदानं कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. बोट फिरवत, ओठ हलवत.

“ह्यात दादा न्हाईच,” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं. “त्याला मी आणला.”

ती आत गेली. आली ती हातात निळा स्कर्ट घेऊन. मशीनवर पसरला. खालच्या बाजूला दोन आडवे पट्टे होते, बाकी कापडापेक्षा गडद. दुमडीच्या आत ऊन आणि साबण पोचला नव्हता, म्हणून तेवढा रंग नवा राहिलेला.

“उसवल्यात मी,” ती म्हणाली. “जून आला, शाळा सुरू झाली, की एक. तिसरीची एक उसवली. गेल्या जूनला चौथीची.” तिनं पट्ट्यावरून हात फिरवला. “आता काय ऱ्हायलं न्हाई उसवायला.”

दत्ता उठून जवळ आला होता. त्याला हे माहीत नव्हतं. “नंदे,” तो म्हणाला, “मी तर लिहिलंय की…”

“तुझं लिहिलेलं ऱ्हाऊ दे तसंच. चांगलंय. पुस्तकात घाल.” तिनं स्कर्टची घडी केली. “पर हे त्यात घालू नको. हे माझं हाय.”

“न्हाई घालत.”

“आन् वाचायला उभा ऱ्हाशील तवा आधी सांग. बहिनीची हाय म्हनून सांग. बहीन कोन ते नको सांगू, बहीन हाय एवढं सांग.”

“सांगतो.”

तिनं चुलीकडं, म्हणजे गॅसकडं तोंड वळवलं. “शेपूची भाजी केलीय. मॅडम, चालती का?” आणि पाठमोरीच भावाला म्हणाली, “हात धू.”

दुसऱ्या भाकरीला दत्तानं मीठ मागितलं. नंदा म्हणाली, “आधीच हाय त्यात, खाऊन तरी बघ.” मंगलनं सोबत दिलेला गूळ आणि कांद्याची पात त्यानं पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली. निघताना तिनं मला कुंकू लावलं, ओटी भरली. दत्ताला दारातून म्हणाली, “पोरांना घेऊन ये एकदा. आत्या मेली न्हाई म्हनावं.”

गाडीत तो रडला. मी उसाच्या ट्रॉल्या बघत राहिले.

चिपळूण

घरी परत आल्यावर मी दिवाळी अंकाच्या संपादकांना चार ओळींचं पत्र लिहिलं. माझ्या लेखात कवीची मुलगी गेल्याचं म्हटलं आहे, ते चुकीचं आहे. कवितेत तसं कुठंही नाही. ती समजूत माझी होती. कविता मात्र मी म्हटलं होतं त्याहून चांगली आहे. संपादकांचा फोन आला, मग मुलगी कुणाची? म्हटलं, ते कवितेत नाही. प्रस्तावनाही लिहून दिली. तिच्यात दत्ताच्या आयुष्याबद्दल एक ओळ नाही, तो कुठं काम करतो तेही नाही. गुरुजींचा आग्रह होता की कवीची थोडी ओळख हवी. त्यांना म्हटलं, मागच्या पानावर फोटो आहे की.

कंपनीत अजून काहीजण त्याला खोटा कवी म्हणतात. पण फर्स्ट शिफ्टला जेवायच्या सुट्टीत त्यानं उभं राहून सांगितलं, माझ्या बहिणीची आहे, मी तेव्हा गप्प राहिलो, माफ करा. बिहारचा तो मुलगा म्हणाला, “भांजी भी तो अपनी ही होती है, भैया.” हे मला मंगलनं फोनवर सांगितलं.

हा प्रवास लिहावा की नाही, यावर मी बरेच दिवस काढले. शेवटी लिहिला आणि नंदाला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. त्या वेळी यात स्कर्ट उसवल्याचं नव्हतं. ती म्हणाली होती, हे माझं आहे, म्हणून मी ते गाळलं होतं. कवितेवर बोलणं झालं आणि भाकरी खाल्ली, असं जोडून टाकलं होतं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “उसवलेलं का गाळलं?”

“तुम्ही दत्ताला नको म्हणाला होतात.”

“त्याला म्हनले. कवितेला लोक टाळ्या वाजवत्यात. तुमच्या ह्या लिहिन्याला कोन टाळ्या वाजवनार हाय? घाला तुम्ही.”

मी घातलं. मग विचारलं, नावं बदललीत तुमची तिघांची, गावंही बदलू का? ती म्हणाली, गावं राहू द्या, दौंड केवढं हाय. नावं बदलली ते बरं केलं. दादाचं, वैनीचं, माझं. गुरुजींचं बी बदला.

फोनवर गाडीचा भोंगा ऐकू आला. तो संपेपर्यंत ती थांबली.

“पर तिचं नाव तुम्ही कुठंच घातलं न्हाई,” ती म्हणाली. “समदीकडं नुसतं मुलगी, लेक, भाची. तिचं घाला. तिचं बदलू नका. कुनीतरी वाचताना म्हनंल तरी.”

तिचं नाव ईश्वरी. दुसरीत होती.